सटवाजी, मी आणि दोन मोतीबिंदू

ज्याला आकाशात दोन चंद्र दिसू लागले आहेत त्याने हे वाचावे. ज्याला एकही दिसेनासा झाला आहे त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, आणि वाचणारा मध्येच हसला तर त्याच्यावर चिडू नये. मी तीन वर्षे लोकांवर चिडत होतो. त्याने डोळा सुधारत नाही, नुसता घसा बसतो.

माझे नाव मारोती. नरसीपासून दोन कोसांवर, कयाधूच्या काठाला आमचे गाव आहे. शेती करतो. अक्षरे लहानपणी देवळात बसणाऱ्या पंतोजींनी छडीच्या जोरावर शिकवली, ती अजून टिकून आहेत. वय साठीच्या आसपास. कयाधूला मोठा पूर आला त्या साली मी जन्मलो असे आई सांगायची. कयाधूला मोठे पूर पुष्कळ आले, त्यांतला मला सोयीचा पूर मी धरतो.

आमच्या गावात आज तिघांच्या डोळ्यांत फूल, म्हणजे मोतीबिंदू, पडले आहे आणि तिघेही ते लपवतात. त्यांना मी तोंडाने सांगून पाहिले. ते म्हणाले, "आमाला सगळं बराबर दिसतं." हे वाक्य माझे आहे. मीच ते गावात रूढ केले. म्हणून आता लिहूनच टाकतो.

लपवालपवी

सुरुवात धुक्यासारखी झाली. उन्हाळ्यात दुपारी बाराला मला धुके दिसायचे. बायकोला म्हणजे गिरजाला म्हटले, "औंदा धुकं लई पडून राहिलं." ती म्हणाली, "चैतात?" त्यानंतर मी धुक्याविषयी बोलणे सोडले.

मग युक्त्या सुरू केल्या. समोरून कोणी येताना दिसले, म्हणजे काहीतरी हलताना दिसले, की आपणच आधी मोठ्याने रामराम घालायचा. तो उलट रामराम घालतो आणि आवाजावरून ओळख पटते. ही युक्ती चांगली आहे, पण समोरचा माणूसच असला पाहिजे. पाटलाच्या पडवीत वाळत टाकलेल्या घोंगडीला मी एकदा रामराम घातला. उत्तर आले नाही. पाटलाला एवढी घमेंड कशाची, म्हणून तीन दिवस त्याच्यावर रुसून बसलो. चौथ्या दिवशी पाटीलच घरी आले आणि विचारू लागले, "मारोतराव, माहं काय चुकलं?" मी म्हणालो, "तुमाला म्हाईत हाय." ते बिचारे आठवत परत गेले.

मिशीला मी कलप लावत असे. हो, लावत असे. मन तरुण असताना मिशीने पुढे का जावे? आरशात काही दिसेना तेव्हा मी तो बोटाच्या अंदाजाने लावू लागलो. एका बाजारादिवशी हिंगोलीच्या मोंढ्यात दिवसभर फिरलो. लोक माझ्याशी फार हसून बोलत होते. हळदीच्या अडत्याने तर चहा पाजला. घरी आल्यावर गिरजा म्हणाली, "एका अंगाची मिशी आज घरीच ऱ्हायली होती वाटतं."

आता हसू येते. तेव्हा मात्र मी फार भ्यालो होतो, आणि कशाला भ्यालो होतो ते सांगतो. आमच्या आबांचे, म्हणजे वडिलांचे डोळे असेच गेले होते. आबा गावातले सगळ्यांत गमत्या माणूस. त्यांच्या भोवती लोक जमायचे, पोट धरून हसायचे. डोळे गेले आणि आम्ही त्यांना ओसरीवरच्या बाजेवर बसवले. येणारा-जाणारा म्हणायचा, "बसा आबा." ते बसलेलेच असायचे. नऊ वर्षे ते बसले. हळूहळू त्यांनी गमती करणे सोडले. मी एकदा विचारले तर म्हणाले, "समोरचा हसला का न्हाई ते दिसत न्हाई रे. मंग कोनासाठी बोलावं?"

ती बाज तेव्हा अजून आमच्या ओसरीवर होती. मला अंधाराचे भय नव्हते, बाजेचे होते.

चुकलेले आवतण

आता सटवाजीला आणायला हवे. सटवाजी आणि मी बरोबरीचे. आमची शेते बांधाला बांध लागून. तरुणपणी दोघांची मिळून एक जोडी होती, एक बैल माझा, एक त्याचा. आज त्याच्या शेतात, उद्या माझ्या शेतात. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. त्या जोडीने आम्ही हिंगोलीच्या पटात उतरलो. हाकायला मी होतो. जोडी पुढे होती, सगळ्यांच्या पुढे, आणि निम्म्या वाटेत सटवाजीचा बैल धाव सोडून डावीकडे लोकांत घुसला. पट गेला. मी म्हणालो, तुझा बैल वाईट. तो म्हणाला, तुझा हात वाईट. तेव्हापासून बावीस वर्षे आम्ही बोललो नव्हतो. एवढ्याशा गावात बावीस वर्षे न बोलणे हे सोपे काम नाही. त्याला रोज थोडा वेळ द्यावा लागतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलांना नदीवर धुऊन आणायचे, वर्षभर जू वाहिलेल्या त्यांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायची, आणि कानाशी जाऊन म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैल हा त्या दिवशी पाहुणा. पाहुण्याला दिलेले आवतण मागे घेता येत नाही.

मी माझी जोडी, हरण्या आणि गुलब्या, घेऊन कयाधूवर गेलो. मुलगा उत्तम येतो म्हणाला, तर त्याला म्हणालो, "तू ऱ्हाय. मला बराबर दिसतं." नदीवर साऱ्या गावचे बैल. आमच्या भागात कंधारी बैल, सगळे लालभडक. मला तर पाण्यात लाल डाग पोहत असल्यासारखे दिसत होते. दिवस मावळताना दोन कासरे हाती धरून घरी निघालो. खालच्या आळीच्या वळणावर एक बैल अडून बसला. तो खालच्या आळीकडे ओढू लागला. मी म्हणालो, "काहून हट्ट करून राहिला रे गुलब्या? सणाच्या तोंडावर मार खातो काय?" आणि ओढत घरी आणले.

गिरजा हळद-लोण्याची वाटी घेऊन आली आणि गप्प उभी राहिली. ती एरवी चार गोष्टी सुनावल्याशिवाय राहत नाही. मी दोन्ही खांदे प्रेमाने मळले. मानेला गाल लावला. आवतण दिले. गुलब्या नेहमी मान झटकतो, त्या दिवशी शहाण्यासारखा उभा राहिला. मला वाटले, बैलालाही वयाने अक्कल येते.

सकाळी दारात सटवाजी. तो माझ्याशी बोलत नसल्यामुळे आमच्या दाराच्या चौकटीशी बोलला.

"या घरात माहा सरदार बांधला हाय म्हनं."

मी गिरजाला म्हणालो, "सांग त्याला, डोळे तपासून घे म्हनावं. माहा गुलब्या हाय हा."

गिरजा म्हणाली, "सरदारच हाय तो."

"मंग माहा गुलब्या कुठं गेला?"

सटवाजी चौकटीवरून हात फिरवू लागला. मग त्याच्या मागून त्याची बायको चंद्रभागा पुढे आली आणि म्हणाली, "आमच्या गोठ्यात हाय, भाऊजी. काल ह्यायनी त्याचीच खांदमळणी केली. आवतणबी देऊन बसले."

आधी शेजारीण हसली. मग आळी हसली. सटवाजीच्याही दोन्ही डोळ्यांत फूल पडले होते आणि तोही "मला बराबर दिसतं" म्हणत गावभर फिरत होता. बावीस वर्षे मला वाटत होते की तो मला पाहून न पाहिल्यासारखे करतो. शेवटची दोन-तीन वर्षे तर त्याला मी दिसतच नव्हतो.

आवतण दिलेच होते. ते मोडायचे नाही असे देवळातल्या पुजाऱ्याने सांगितले. मग दुपारी सटवाजीने स्वतःचा सरदार माझ्या दारी जेवायला आणला आणि मी माझा गुलब्या त्याच्या दारी नेला. बैल पुरणपोळी खात होते आणि आम्ही दोघे एकमेकांच्या दारात सोयऱ्यासारखे उभे होतो. चंद्रभागेने माझ्याही हातावर एक पोळी ठेवली. बैलाच्या पोळीवर तूप होते, माझी कोरडी होती.

तांब्या

त्या संध्याकाळी उत्तम जवळ बसला. तोही मला आबाच म्हणतो. म्हणाला, "आबा, आता बसा तुमी. बैलाचं मी पाहत जाईन."

त्याने वाईट हेतूने म्हटले नव्हते. पण 'बसा' हा शब्द ऐकला आणि माझे डोके फिरले. हातात तांब्या होता तो मी त्याच्या दिशेने फेकला. तो भलत्याच दिशेच्या खांबाला लागला. उत्तमने तांब्या उचलला, पाणी भरले आणि परत माझ्या हातात दिला. "दिवाळीनंतर हिंगोलीच्या दवाखान्यात डोळ्याचे डाक्टर येनार हायेत," तो म्हणाला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाजावरून तो रडत आहे हे कळले. आपल्या मुलाचे रडणे कानाने ओळखावे लागते, याचे फार वाईट वाटले.

तरी मी दिवाळी उलटेपर्यंत नाहीच म्हणालो. डोळ्यात सुरी घालतात, मेंदू बाहेर येतो, असे बरेच काही मी ऐकून होतो, आणि जे ऐकले नव्हते ते स्वतः रचून सांगत होतो. मग एक दिवस गिरजा भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "सटवाजी भाऊजी चालले म्हनं हिंगोलीला. लई धीराचा मानूस."

मी त्याच दिवशी कपडे बांधले.

किती बोटे

गाडी एकच होती, उत्तमची. तिच्यात मी पुढे तोंड करून बसलो, सटवाजी मागे तोंड करून. पाठीला पाठ लागत होती. धक्का बसला की दोघेही "हं" म्हणायचो, पण वेगवेगळे. बायका एका कडेला बसून खुशाल गप्पा मारत होत्या. त्यांच्या गप्पा ऐकून माझ्या ध्यानात आले की या दोघी बावीस वर्षे एक दिवसही बोलायच्या थांबलेल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला एका ओळीत उभे केले. माझ्या डोळ्यापुढे काहीतरी केले आणि विचारले, "बडे मियाँ, कितनी उँगलियाँ?"

मी विचार करत होतो तोवर मागून सटवाजी घाईने म्हणाला, "तीन!"

डॉक्टर म्हणाले, "मैंने हाथ उठाया ही नहीं."

मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "दोन." मग त्यांनी माझ्या तोंडावर उजेड धरला आणि सांगितले की उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, उद्या काढू. सटवाजीचाही उजवाच. मी विचारले, "दिसंल का?" ते म्हणाले, नीट पडून राहिलात तर दिसेल. हललात, खोकलात, हसलात, तर काही सांगता येत नाही.

प्रत्यक्ष मोतीबिंदू काढणे हे सांगण्यासारखे काहीच नाही. डोळ्यात थेंब घालतात, डोळा बधिर होतो, कोणीतरी कपाळ धरते. मी मनात हरण्या-गुलब्याला नांगराला जुंपले आणि चार तास हाकले. तास म्हणजे नांगराची ओळ, घड्याळाचा नव्हे. चौथे तास संपायच्या आत झाले होते. घाबरलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की डोळ्यापेक्षा पाठ जास्त दुखते, तीही नंतर.

हसो नक्को

नंतरचे आठ दिवस. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, मान वळू नये म्हणून. उताणे पडायचे. पेज चमच्याने, पाणी चमच्याने. बाकीचे सगळेही उताण्यानेच, भांड्यात. पहिल्या दिवशी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी भांडे वेळेवर आले यातच माणूस खूष असतो. कलप अर्थातच नाही, दाढीही नाही.

आमच्यावर नेमलेले करीमचाचा पट्टी बांधणारे, दवाखान्यात केस पिकवलेले माणूस. त्यांनी दोघांच्या खाटांमध्ये उभे राहून कायदा सांगितला: "हिलो नक्को. खासो नक्को. छींको नक्को. रोओ नक्को. और हसो नक्को. हसे तो आँख गई, समझे बावा?"

दोघांच्या खाटा शेजारी होत्या. बहुधा बायकांनी सांगून लावून घेतल्या होत्या. पहिले दोन दिवस आम्ही शिस्तीने बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. सटवाजी रडत होता. रडायलाही मनाई होती, म्हणून तो फार जपून रडत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला,

"मारोत्या."

बावीस वर्षांनी त्याच्या तोंडून माझे नाव ऐकले. मी म्हणालो, "काय?"

"तुला पट्टीतून काही दिसून राहिलं का?"

"पट्टीतून काय दिसंल रे?"

"मला लाल लाल दिसून राहिलं. निसतं लाल."

मी म्हणालो, "खांदमळणी करून टाक त्याची."

बोललो आणि चूक कळली. शेजारची खाट करकरू लागली. सटवाजी हसू दाबत होता. त्याची खाट ऐकून माझे पोट हलू लागले. मी दात आवळले, अंगठे आवळले, मेलेली माणसे आठवली. मेलेल्यांतही पहिले आबाच आठवले, त्यांची एक गंमत आठवली, आणि नाकातून जो आवाज निघाला तो हरण्याने फुरफुर केल्यासारखा होता. करीमचाचा ओरडत आले. एक हात माझ्या कपाळावर, एक त्याच्या कपाळावर ठेवून म्हणाले, "या अल्ला, दो बुढ्ढे और एक मैं!" त्याने तर आणखीच वाईट झाले.

दुपारी माझा डोळा दुखू लागला. आत कोणी टोचत असल्यासारखा. डॉक्टर आले, पट्टी वरून दाबून पाहिली. "पाच दिन बाद देखेंगे," एवढेच. करीमचाचांनी सटवाजीची खाट उचलून दालनाच्या दुसऱ्या टोकाला नेली.

ते दीड दिवस माझ्या आयुष्यातले वाईट दिवस होते. एका हसण्यापायी डोळा गेला, असे मी धरून चाललो. ओसरीवरची बाज डोळ्यापुढे येत होती, आणि मला तेव्हा तेवढेच दिसत होते. गिरजा पायाशी बसून पाय चेपत होती. मी म्हणालो, "गिरजे, बाजेची सुंभं कसून ठेवाय सांग उत्तमला." ती म्हणाली, "बाज मी देवळातल्या पंगतीला सरपन म्हनून देऊन टाकली. निघायच्या आदल्या दिवशीच." मी म्हणालो, "चांगली बाज होती." ती म्हणाली, "बसनाराच न्हाई तर ठेवून काय करू?"

आणि मग तिने एक कबुली दिली. खांदमळणीला तिने सरदारला पाहताच ओळखले होते. खालच्या आळीत चंद्रभागेनेही गुलब्याला ओळखले होते. दोघी मुद्दाम गप्प राहिल्या.

"काहून?" मी विचारले.

"तुमाला हजारदा सांगून ऐकलं न्हाई. म्हनलं, बैलाकडून तरी ऐका."

भांडणाचा हुकूम

दुसऱ्या टोकाला सटवाजी काही खाईना. करीमचाचा वैतागून माझ्याकडे आले आणि म्हणाले की तो शेजार मागतो आहे. मीही मागितला. चाचा म्हणाले, "तुम दोनों की दुश्मनी थी ना? तो झगड़ा करो. झगड़े में हसना नई आता. लेकिन धीरे धीरे."

असा सरकारी हुकूम घेऊन आम्ही बावीस वर्षांपूर्वीचा पट पुन्हा भांडायला घेतला. सरळ उताणे पडून, ओठ जेमतेम हलवत, पोथी वाचावी तशा संथ आवाजात.

"तुहा बैल वाईट होता."

"तुहा हात वाईट व्हता."

"बैल डावीकडं गेला का न्हाई?"

"गेला. पन काहून गेला?"

तिथे मी थांबलो. आजवर या जागी मी आवाज चढवत आलो होतो. आता आवाज चढवायला मनाई होती, आणि आवाज न चढवता खोटे बोलणे मला जमेना. डोळ्यांवर पट्टी होती तेही बरे होते. मी म्हणालो,

"सटवाजी, ऐक. जोडी पुढं निघाली तवा मी मान वळवून लोकाकडं पाह्यलं. सारे मला पाहून राह्यले का ते पाहाय. त्या नादात डावा कासरा वढला गेला. बैलाचं काही चुकलं न्हवतं."

हे मी कोणाला सांगितले नव्हते, गिरजालाही नाही. शेजारून काही उत्तर येईना. मला वाटले तो उठून गेला, पण उठायलाही मनाईच होती.

मग तो म्हणाला, "मला ठावं हाय. म्या पाह्यलं व्हतं."

"मंग बोल्ला काहून न्हाई?"

"तू सांगशील म्हनून वाट पाहून राह्यलो."

"बावीस साल?"

"तू लई येळ लावला," सटवाजी म्हणाला. "म्या तर दोन दिवसांचंच धरलं व्हतं."

आम्ही दोघेही हसलो नाही. डोळ्याला पाणी येऊ न देता पडून राहणे मात्र फार अवघड गेले. मोतीबिंदूवाल्यांनी हे असले विषय आधी घरीच मिटवून यावे.

पट्टी

आठव्या दिवशी डॉक्टर आले. आधी सटवाजीची पट्टी सोडली. मग माझी. मी डोळा उघडायला तयार होईना. बंद आहे तोवर तो गेला की राहिला हे ठरत नाही, असे माझे म्हणणे होते. करीमचाचा म्हणाले, "खोलो बावा."

उघडला. आधी नुसता पांढरा उजेड, पाणी, मग खिडकी. खिडकीत लिंबाची फांदी. मी तिची पाने मोजायला लागलो आणि मोजता येत होती. गिरजा दिसली. मग समोरच्या खाटेवर एक म्हातारा दिसला. तोंडाचे बोळके, पांढरी खुरटी दाढी, गालाचे खड्डे, आणि माझ्याकडे टक लावून पाहत होता.

मी विचारले, "चाचा, हा कोन म्हातारा? सटवाजी कुठं हाय?"

त्याच वेळी तो म्हातारा घाबरून म्हणाला, "चंद्रभागे, हे मारोत्याचे आबा कवा आले?"

माझा हात गालाकडे गेला. आठ दिवसांची दाढी, कलपाविना मिशी. गिरजाने आपल्या कुंकवाच्या करंड्यातला आरसा पुढे धरला. आरशात आबाच होते. हुबेहूब. ज्यांच्यासारखे व्हायचे नाही म्हणून मी तीन वर्षे लपत होतो, ते समोर बसले होते, फक्त या आबांना दिसत होते. सटवाजीचे ओठ थरथरत होते, पोट हलत होते. त्याला हसू आवरत नव्हते आणि ते मला अगदी स्पष्ट दिसत होते. आबांना नऊ वर्षांत एकदाही जे दिसले नाही ते.

मी करीमचाचांकडे पाहिले. ते डॉक्टरांकडे पाहत होते. डॉक्टरांनी मान हलवली.

चाचा म्हणाले, "अब हसो."

शेवटी थोडे

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. भिंगाचा जाड चष्मा मिळाला आहे. त्यातून सगळे जरा जवळ आणि मोठे दिसते. तांब्या धरायला गेलो की हात अलीकडेच मिटतो, हे महिनाभर चालते, मग सुधारते. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुढच्या साली काढला. पट हाकायला डॉक्टरांनी धक्क्यांमुळे कायमची मनाई केली. ते मनाला लागले, अजून लागते. आता उत्तम हाकतो आणि मी धावेच्या काठाला उभा राहून त्याला ओरडतो, "मान वळवू नको!" कलप मी परत लावतो. आता दोन्ही बाजूंना.

आजही खांदमळणीला मी स्वतः नदीवर जातो. सटवाजीही येतो. यंदा दिवस मावळताना मी दोन कासरे धरून घरी आलो, तर उत्तम धावत आला आणि म्हणाला, "आबा! अवो, चष्मा असून बी? हा आपला गुलब्या न्हाई, सरदार हाय!"

मी म्हणालो, "गप बस रे म्हाताऱ्या. मला बराबर दिसतं."

गिरजा हळद-लोण्याची वाटी घेऊन उभीच होती. मी सरदारचा खांदा मळला, त्याच्या कानाशी गेलो, आणि खालच्या आळीत सटवाजीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आवतण दिले.